आज चाललात, परवा भोगलंत

पत्र : वय ३७. दादरला चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहते, लिफ्ट नाही. नोकरी फोर्टला, विमा कंपनीच्या ऑफिसात. गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये डेंग्यू झाला. प्लेटलेट्स दहा दिवसांत वर आल्या, मी मात्र अजून वर आलेले नाही. १४ महिने झाले. नवरा आणि सासूबाई म्हणतात, पडून पडून अंग जड झालंय, चालायला लाग. एका रविवारी शिवाजी पार्कला तीन फेऱ्या मारल्या. त्या दिवशी उलट छान वाटलं. मंगळवारी सकाळी उठवेना. घसा खवखवतोय, गळ्याशी गाठी हुळहुळतायत, अंगात कणकण, बोलताना साधे शब्द आठवेनात. थर्मामीटर लावला तर ९८.८. हे आजवर पाच वेळा झालं. जिमचा ट्रेनर म्हणतो, व्यायामाने इम्युनिटी वाढते, सुरुवातीला त्रास होणारच. त्याच्या भरवशावर वर्षाची फी भरून बसले आहे. सीबीसी, सीआरपी नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, क्रॉनिक फटिग सिंड्रोम असू शकेल. सगळे रिपोर्ट नॉर्मल असताना मला दर वेळी ताप आल्यासारखं का होतं? आणि मी चालू की नको?

उत्तर :

ताई, ‘त्या दिवशी उलट छान वाटलं’ हे वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंत, पण तुमच्या दुखण्याची खरी खूण तिथेच आहे. नुसता अशक्तपणा असता तर दम फेरी मारतानाच लागला असता आणि घरी येऊन झोपल्यावर उतरला असता. तुमचा त्रास दीड-दोन दिवस दबा धरून बसतो आणि मग अंगावर येतो. याला वैद्यकात पोस्ट-एक्झर्शनल मलेझ म्हणतात. रुग्ण ‘क्रॅश’ म्हणतात, आपणही तेच म्हणू. श्रमानंतर साधारण १२ ते ४८ तासांनी तो सुरू होतो आणि काही दिवस, कधी काही आठवडे टिकतो. श्रम म्हणजे फक्त चालणं नव्हे. बँकेत दोन तास वाद घातला किंवा लग्नघरी दिवसभर बसून राहिलात, तरी तो येऊ शकतो.

आधी ‘ताप आल्यासारखं’ का होतं ते पाहू.

निरोगी माणूस वेगाने चालतो तेव्हाही त्याच्या रक्तात छोटीशी खळबळ होते. स्नायू इंटरल्यूकिन-६ नावाचा संदेश सोडतात, पांढऱ्या पेशी रक्तात वाढतात, ऑक्सिजन वापरताना तयार होणारे घातक रेणू वाढतात. पाठोपाठ हे सगळं शांत करणारे संदेश निघतात, शरीराची अँटिऑक्सिडंट यंत्रणा कामाला लागते आणि काही तासांत घडी पुन्हा बसते. ट्रेनर जे सांगतो ते याच माणसाबद्दल खरं आहे.

क्रॉनिक फटिग सिंड्रोममध्ये, म्हणजे महिनोन्महिने न हटणाऱ्या थकव्याच्या आजारात, ही घडी वेळेवर बसत नाही. या विषयावरचे तोवरचे अभ्यास २०१४ साली एकत्र तपासले गेले, तेव्हा तीन गोष्टी पुढे आल्या. एक, ‘कॉम्प्लिमेंट’ नावाची प्रथिनांची साखळी, म्हणजे जंतूवर पहिला हल्ला करणारी फौज, व्यायामानंतर जास्त चेतवली जाते. तिचा सी४ए हा तुकडा व्यायामानंतर सहा तासांनी वाढलेला आढळला होता. दोन, घातक रेणू जास्त साचतात आणि त्यांना आवरणारी यंत्रणा उशिरा आणि कमी ताकदीने जागी होते. तीन, पांढऱ्या पेशींच्या आत काही जनुकं जास्त चालू होतात : आयएल-१०ची, जो दाह शमवणारा संदेश आहे, आणि टीएलआर४ची, जो एरवी जीवाणूंचा वास घेणारा पहारेकरी असतो. २००९ च्या एका प्रयोगात रुग्णांना फक्त २५ मिनिटं मध्यम व्यायाम दिला होता. त्यांच्या पेशींमध्ये श्रमाची रसायनं ओळखणाऱ्या संवेदकांच्या जनुकांची हालचाल अर्ध्या तासात वाढली आणि ४८ तासांनीही वाढलेलीच होती. निरोगी लोकांत असं काही झालं नाही. तुमचा रविवार ते मंगळवार हा हिशेब याच्याशी जुळतो.

आता रिपोर्ट. त्याच २०१४ च्या पाहणीत असंही दिसलं की रक्तात मोकळे फिरणारे दाह वाढवणारे किंवा शमवणारे सायटोकाइन्स, म्हणजे पेशींनी सोडलेले संदेश, व्यायामानंतर रुग्णांत आणि निरोगी लोकांत ठळक वेगळे नव्हते. गडबड आहे ती पेशींच्या आत आणि सी४एसारख्या गोष्टींत, ज्या सीआरपी व सीबीसी मोजतच नाहीत. म्हणून नॉर्मल सीआरपी म्हणजे ‘काही झालेलं नाही’ असं नव्हे, फक्त ‘या चाचणीत दिसणारं झालेलं नाही’. घसा, गाठी, कणकण ही रोगप्रतिकार यंत्रणा चेतल्याची नेहमीची भाषा आहे. शरीर जंतूविना ती बोलत असावं इतकंच.

मात्र हे अभ्यास लहान आहेत, आणि प्रत्येकाने व्यायाम वेगळा दिला, रक्त वेगळ्या वेळी काढलं. त्यामुळे यातली एकही गोष्ट अजून निदानाची चाचणी झालेली नाही. कोणी ‘इम्युनिटी पॅनेल’ या नावाने काही हजारांचं पॅकेज पुढे केलं तर नम्रपणे नको म्हणा. ‘इम्युनिटी बूस्टर’चंही तेच. कमी पडलेली प्रतिकारशक्ती वाढवण्याचा हा प्रश्नच नाही. चेतलेली यंत्रणा वेळेवर शांत होत नाही, हा प्रश्न आहे. गुळवेलीच्या गोळ्यांबद्दल तर विशेष सावध राहा. कोविडच्या काळात त्या घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद २०२१ मध्ये मुंबईतल्याच डॉक्टरांनी प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष मान्य केला नाही, पण ज्या औषधाची तुम्हाला गरजच नाही त्यासाठी यकृत पणाला कशाला लावायचं?

‘पडून पडून अंग जड झालंय’ या शंकेचं उत्तर दोन दिवसांच्या सायकल-चाचणीने दिलं आहे. मास्क लावून सायकल चालवायची, ऑक्सिजन किती वापरला ते मोजायचं, आणि २४ तासांनी तेच पुन्हा करायचं. बैठ्या जीवनाने ढिला पडलेला माणूस दुसऱ्या दिवशी जवळपास तेच आकडे देतो. कमी असतील, पण दोन्ही दिवस सारखेच कमी. या आजाराच्या अनेक रुग्णांत दुसऱ्या दिवशी घसरण होते, विशेषतः दम तुटायला लागतो त्या टप्प्यावर. आळसाने आकडे एका रात्रीत पडत नाहीत. सासूबाईंना हे जरूर वाचून दाखवा. चाचणी मात्र स्वतःवर करून घेऊ नका, तिनेच क्रॅश येतो.

थोडं थोडं वाढवत नेण्याचा व्यायाम, म्हणजे ग्रेडेड एक्सरसाइज थेरपी, हा सल्ला एके काळी सर्रास दिला जायचा. २०११ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या ब्रिटनमधल्या ‘पेस’ चाचणीने त्याला बळ दिलं, आणि तिच्या पद्धतीवर नंतर बराच वाद झाला. उपचारांबद्दल डॉक्टरांना मार्गदर्शन करणाऱ्या ब्रिटनच्याच नाइस या संस्थेने ऑक्टोबर २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांत हा उपचार देऊ नये असं सांगितलं आणि त्याजागी ऊर्जा जपून वापरण्याचा सल्ला ठेवला. तुमचा फिजिओथेरपिस्ट जुन्या पुस्तकावर चालत असेल तर त्याला हे सांगायला संकोचू नका.

पण हे सगळं ‘जर’वर उभं आहे. निदान अजून ‘असू शकेल’ या पातळीवर आहे. डेंग्यूनंतर थकवा लांबतो हे डॉक्टर नेहमी पाहतात, तरी १४ महिने म्हणजे दुसरी कारणं नीट वगळायलाच हवीत. सीबीसी आणि सीआरपीवर थांबू नका. फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), थायरॉइडचं टीएसएच, बी१२, व्हिटॅमिन डी, साखरेचं एचबीए१सी, किडनीचं क्रिएटिनिन, यकृताच्या चाचण्या, कॅल्शियम, स्नायूंचं सीके, लघवीची तपासणी आणि छातीचा एक्स-रे डॉक्टरांशी बोलून करून घ्या. हिमोग्लोबिन नॉर्मल असूनही पाळीमुळे फेरिटिन तळाला गेलेलं असू शकतं, आणि हे बायकांत फार वेळा सुटतं. मुंबईत राहणाऱ्याने टीबी विसरून चालत नाही : संध्याकाळी खरंच १०० च्या वर जाणारा ताप, रात्रीचा घाम, वजन उतरणं, एखादी गाठ महिनाभर टिकून वाढत जाणं यातलं काही असेल तर हा लेख बाजूला ठेवा आणि आधी ते तपासा. छातीत दुखणं, शुद्ध हरपणं, श्रमाने लगेच धाप लागणं हे क्रॅशच्या खात्यात टाकू नका. जोरात घोरत असाल तर झोपेतला श्वासरोधही पाहायला हवा.

अमेरिकेतल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनचे २०१५ चे निकष तुमच्या डॉक्टरांना उपयोगी पडतील : सहा महिन्यांहून जास्त काळ कामाची क्षमता ठळक घटलेली, श्रमानंतरचा क्रॅश, झोपूनही ताजेपणा नाही, आणि या तिन्हींच्या जोडीला विचारांत धुकं किंवा उभं राहिल्यावर त्रास यांपैकी निदान एक. क्रॅश हा यातला न वगळता येणारा निकष आहे. श्रमानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्रास होतच नसेल, तर कथा वेगळी आहे, आणि त्या माणसाला हळूहळू वाढवलेला व्यायाम बहुधा चांगलाच मानवतो. म्हणून हा सल्ला शेजारणीला तसाच देऊ नका.

उभं राहिल्यावरचा त्रास घरीच तपासता येतो. दंडावरचं बीपी मशिन आणि सोबत एक माणूस हवा. दहा मिनिटं आडवं पडा, बीपी आणि नाडी लिहा. मग उठून भिंतीला खांदे टेकून, टाचा भिंतीपासून १५ सेंटिमीटरवर ठेवून, न हलता, न बोलता १० मिनिटं उभं राहा, दर मिनिटाला आकडे लिहीत. चक्कर आली की लगेच बसा. नाडी ३० किंवा जास्त ठोक्यांनी वाढून तशीच राहिली, किंवा वरचं बीपी २० ने अथवा खालचं १० ने उतरलं, तर तो कागद डॉक्टरांना दाखवा, यावर औषधं आहेत. हे तपासून घ्याच, कारण रांगेत, लोकलच्या दारात किंवा ओट्यापाशी उभं राहणं तुमच्यासाठी ‘आराम’ नसून श्रम असू शकतो.

आता मुद्द्याचं. चालायचं, पण किती हे मनाला विचारून ठरवायचं नाही. त्या दिवशीचं मन तुम्हाला फसवतं, हे तुम्ही पाच वेळा अनुभवलंय. ठरवायचं नाडीने.

सात दिवस सकाळी जाग आल्यावर, अंथरुणातच, बाथरूमला जाण्याआधी मनगटावर बोटं ठेवून पूर्ण एक मिनिट नाडी मोजा. समजा आकडे आले ७२, ७४, ७१, ७५, ७३, ७४, ७२. बेरीज ५११, सरासरी ७३. त्यात १५ मिळवा : ८८. ही तुमची रोजची रेघ. कोणतंही काम करताना नाडी ८८ च्या वर गेली की थांबायचं, बसायचं, शक्य तर आडवं व्हायचं आणि ती खाली येईपर्यंत पुढचं काम नाही. मनगटी बँड असेल तर त्यात ८८ ला थरथर लावून ठेवा. साधा बँड चालतो, फक्त पट्टा सैल असला तर आकडा खोटा येतो. बीपी किंवा मायग्रेनसाठी बीटा-ब्लॉकर चालू असेल तर नाडी दाबलेली असते आणि हा हिशेब फसतो. २२० मधून वय वजा करून ६० टक्के काढण्याचं एक सूत्रही फिरतं. तुमच्या वयाला त्याचे साधारण ११० येतात. ते ढोबळ आहे. ८८ जमतच नसेल तर हा ११० चा आकडा शेवटची मर्यादा म्हणून ठेवा, त्यापलीकडे अजिबात नाही.

पहिल्या आठवड्यात तुम्ही वैतागाल. आंघोळ करताना, केस धुताना, बेड आवरताना, जिन्याच्या आठव्या पायरीवर, सगळीकडे रेघ ओलांडली जाईल. हे अपयश नाही, तुमची ऊर्जा कुठे गळते याचा तो नकाशा आहे. प्लॅस्टिकचं स्टूल बाथरूममध्ये जाऊ द्या, पाणी कोमट. कढत पाण्याने रक्तवाहिन्या सैल होतात आणि नाडी चढते. केस धुण्याचा दिवस आणि ऑफिसचा अवघड दिवस एक नको. भाजी बसून चिरायची, कणीक नवऱ्याने मळायची. ऑक्टोबरच्या उकाड्यात तेच काम जास्त महागात पडतं, हेही लक्षात ठेवा.

जिना तुमचा सगळ्यात मोठा शत्रू आहे. तिसरा मजला म्हणजे दिवसात एकदाच खाली, एकदाच वर. दर मजल्याच्या चौकात दोन मिनिटं बसायचं, एखादी घडीची खुर्ची कायम तिथे ठेवा. शेजारी विचारतील, विचारू दे. दूध-भाजी जुन्या पद्धतीने दोरीला पिशवी बांधून वर ओढता येते, पण ओढायचं काम दुसऱ्याने करायचं. कामाचा साधा ताल असा : दीड-दोन मिनिटं काम, त्याच्या तिप्पट वेळ बसणं. धीमं वाटेल, पण चाललेलं काम आठवडाभर चालू राहतं.

प्रवासात लोकलपेक्षा दादरचा पूल आणि गर्दीत ताटकळणं जास्त खातं. सरकता जिना आहे तोच प्लॅटफॉर्म धरा, मिनिटं वाया गेली तरी. ऑफिसला ११ ते ७ अशी वेळ आणि आठवड्यात दोन दिवस घरून काम मागा. डॉक्टरांकडून पत्र घेताना ‘थकवा’ हा शब्द लिहून घेऊ नका, त्यावर सगळे हसतात. ‘सलग २० मिनिटांपेक्षा जास्त उभं राहू नये, श्रमानंतर ४८ तासांत लक्षणं बळावतात’ असं नेमकं लिहून घ्या. मिनिटं अर्थात तुमच्या भिंतीच्या चाचणीवरून ठरतील. परतीला सीएसएमटीहून सुटणारी गाडी पकडली तर बसायला मिळतं, त्यासाठी एक गाडी सोडावी लागली तरी चालेल.

जोडीला वही. रोज तीन ओळी : सकाळची नाडी, दिवसातली जड कामं, आणि लक्षणांना ० ते १० गुण. पण वाचताना नेहमी दोन दिवस मागे बघायचं. मंगळवारचा ७ गुणांचा त्रास रविवारच्या पानावर शोधायचा. सकाळची नाडी तुमच्या सरासरीपेक्षा ८-१० ने जास्त आली, तर तो दिवस उधारीचा समजा : अर्धं काम, बाकी आराम.

सलग १४ दिवस क्रॅशविना गेले की वाढवायला हरकत नाही, पण एका वेळी एकच गोष्ट आणि थोडीच. तेव्हाही शिवाजी पार्कची पूर्ण फेरी नको, ती किलोमीटरच्या वर जाते. कट्ट्यावर बसून सुरुवात, सपाटीवर तीन मिनिटं, पुन्हा कट्टा. मग तीन दिवस वाढ नाही, फक्त वही. तिसऱ्या दिवशी घसा खवखवला तर मागच्या पायरीवर. त्याआधी घरी, आडवं पडून हातपाय ताणणं, दीर्घ श्वास आणि गुडघे जवळ घेणं पुरेसं आहे. सूर्यनमस्कार सध्या नकोत. वाकून उठताना नाडी आणि बीपी दोन्ही एकदम हलतात.

क्रॅश आलाच तर घसा खवखवल्यापासूनच आडवं व्हा, ‘आजचा दिवस रेटते’ म्हणू नका. खोली अंधारी, मोबाइल दूर. डब्ल्यूएचओच्या सूत्राचं ओआरएस एक लिटर पाण्यात एक पाकीट, दिवसभरात घोट घोट. बीपी किंवा किडनीचा त्रास असेल तर आधी विचारा. मऊ भात, मेतकूट, तूप, जे चावायला लागत नाही ते. अंगदुखीला पॅरासिटामॉल डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत चालेल, पण गोळी घेऊन जिमला जायचं नाही. ती दुखणं झाकते, पेशींतली गडबड नाही. स्टेरॉइड किंवा अँटिबायोटिक कोणी ‘करून बघू’ म्हणून लिहिलं तर कारण विचारा.

राहिली जिमची फी. मेंबरशिप सहा महिने थांबवता येते का, किंवा घरातल्या दुसऱ्या कुणाच्या नावावर करता येते का, हे लेखी विचारा. डॉक्टरांचं पत्र जोडलंत तर बरेच जण ऐकतात. नाहीच ऐकलं, तर ‘चालायला लाग’ म्हणणाऱ्या नवऱ्याला पाठवा. त्यांच्या स्नायूंना इंटरल्यूकिन-६ नीट मानवत असावं.